सहा चेहऱ्यांचा एक हेर

‘डॉ. नो’ हा पहिला बाँडपट १९६२चा. पडदा उजळताच पांढऱ्या वर्तुळातून एक माणूस चालत येतो, गर्रकन वळून आपल्यावर गोळी झाडतो. हा शॉन कॉनरी, असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात तो होता बॉब सिमन्स नावाचा स्टंटमन! म्हणजे पडद्यावर पहिल्यांदा दिसलेला जेम्स बाँडच मुळी बदली माणूस.

कॉनरी एके काळी एडिंबरात घरोघर दूध पोचवत असे. बाँडचा जनक इयान फ्लेमिंग याला ही निवड सुरुवातीला रुचली नव्हती. दिग्दर्शक टेरेन्स यंगने कॉनरीला स्वतःच्या शिंप्याकडे नेलं, उंची सुटात वावरायला शिकवलं. मग मात्र फ्लेमिंगचं मत पालटलं. १९६४च्या कादंबरीत त्याने बाँडचे वडीलच स्कॉटिश करून टाकले. नटाने पात्राला वंश द्यावा, हे विरळाच.

मालिकेची खरी परीक्षा कॉनरी बाजूला झाल्यावर झाली. १९६९मध्ये जॉर्ज लॅझेनबी हा अभिनयाचा अनुभव जवळपास नसलेला ऑस्ट्रेलियन मॉडेल आला आणि एकाच चित्रपटानंतर गेला. अनेकांनी त्याला नावं ठेवली. पण माझ्या मते मालिका तगली त्याचं थोडं श्रेय त्यालाही आहे. नट बदलला तरी बाँड राहतो, हे तेव्हा सिद्ध झालं. पुढे रॉजर मूरने सात चित्रपट मिस्कीलपणे निभावले. त्यांतल्या ‘ऑक्टोपसी’साठी (१९८३) तो उदयपूरला आला, सोबत कबीर बेदी आणि टेनिसपटू विजय अमृतराज होते. टिमोथी डाल्टन करारी, पिअर्स ब्रॉस्नन रुबाबदार. डॅनियल क्रेगच्या बाँडला मार लागतो, रक्त येतं, आणि २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये तर तो चक्क मरतो. तरीही श्रेयनामावलीच्या शेवटी आश्वासन आहेच: जेम्स बाँड परत येईल.

चेहरे बदलले, पण ते पांढरं वर्तुळ आणि गिटारवरची ती धून कायम राहिली. या धुनेचं मूळ मोठं मजेशीर आहे. व्ही. एस. नायपॉलच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवर एक संगीत नाटक करायचं घाटत होतं. मॉन्टी नॉर्मनने त्यासाठी एक गाणं बांधलं होतं, त्रिनिदादमधल्या एका भारतीय वंशाच्या माणसाच्या तोंडी. नाटक बारगळलं. नॉर्मनने तीच चाल बाँडसाठी बाहेर काढली आणि जॉन बॅरीने तिच्यावर आजचा साज चढवला.