पाणी खाणारी गाडी

इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातील साधारण एक तृतीयांश सायलेन्सरवाटे निघून जाते आणि जवळपास तेवढीच कूलंटला उचलून रेडिएटरपर्यंत न्यावी लागते. पंप कूलंटला ब्लॉक आणि हेडमधून फिरवतो, ते ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की थर्मोस्टॅट उघडतो, रेडिएटरच्या नळ्यांतून गार होऊन ते पुन्हा इंजिनात येते. हा फेरा बंदिस्त असतो. त्यामुळे ‘जुनी गाडी आहे, थोडे पाणी खाणारच’ ही समजूत चुकीची आहे. दर आठवड्याला पाणी मागणारी गाडी कुठेतरी गळत असते, आणि गळती हेडपर्यंत पोहोचली तर दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो.

रेडिएटरचे झाकण या व्यवस्थेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. त्यातली स्प्रिंग आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढू देते. ती मर्यादा झाकणावरच छापलेली असते आणि बहुतेक मोटारींत ०.९ ते १.१ बारच्या दरम्यान असते. या दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, हे लक्षात घेतले तर घाटात सैल झाकणाची गाडी का उकळते ते कळते. बाहेर एक थेंबही न सांडता पाणी कमी होत असेल, तर संशयितांच्या यादीत झाकण वरच्या क्रमांकावर ठेवावे.

महाराष्ट्रातल्या जुन्या मोटारींचे ढोबळ दोन नमुने घेता येतील. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी (हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले) १०८९ सीसी इंजिनाची; तिचा पंखा वॉटर पंपाच्याच दांड्यावर बसवलेला आणि पट्ट्यावर फिरणारा. चढावर इंजिन संथ झाले की पंखाही संथ, म्हणूनच खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या पद्मिनी हे एके काळी नेहमीचे दृश्य होते. १९८३ ते २०१४ या काळात बनलेली मारुती ८०० वेगळी. तिचा पंखा विजेवर चालतो आणि तापमानाच्या स्विचवर सुरू-बंद होतो. तिथे गळती नसतानाही गाडी तापत असेल, तर आधी पंखा फिरतो का ते पाहावे.

गळती शोधताना घाई नडते, कारण थेंब पडण्याची जागा आणि गळतीची जागा क्वचितच एक असते. वाऱ्याने आणि उताराने पाणी हातभर दूर जाऊन टपकते. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवून सकाळी डाग पाहणे हा सुरुवातीचा चांगला उपाय. एसी लावून आल्यावर प्रवासी बाजूला पडणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी ही गळती नव्हे. त्यावरून घाबरून गॅरेज गाठणारे पुष्कळ. कूलंट बोटांना किंचित चिकट लागते, त्याला गोडसर वास असतो आणि वाळल्यावर ते पांढरी, हिरवी किंवा गुलाबी खपली मागे सोडते. ओल्या जागेपेक्षा ही खपली अधिक विश्वासाची साक्षीदार. तिचा माग खालून वर काढायचा, कारण पाणी वर चढत नाही.

खपली दिसली नाही तर दाबाची चाचणी करतात. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप आणि मीटर बसवून झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटे काटा पाहतात. त्याहून जास्त दाब भरला तर नसलेली गळती तयार होते. काटा उतरतो आहे पण बाहेर सगळे कोरडे, अशी स्थिती असेल तर गळती आत आहे. हीटर असलेल्या गाडीत आधी पुढचा गालिचा हाताने दाबून पाहावा. हीटरची जाळी फुटली की तो ओला होतो आणि काचेवर आतून तेलकट धुके धरते. गालिचा कोरडा असेल तर संशय हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅसकेटवर.

बाहेरच्या गळत्यांत पहिला मान होज पाइपांचा. रबर बाहेरून ठणठणीत दिसते, पण क्लिपजवळ आतून चिरत जाते. म्हणून टोकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर बोटांनी दाबून पाहतात. मधल्या भागापेक्षा तिथे मऊ लागले तर पाइप संपला. वरचा बदलताना खालचाही बदलावा. खालच्या पाइपात पूर्वी तारेची स्प्रिंग असे, पंपाच्या ओढीने तो चेपू नये म्हणून. नवा पाइप घालताना ती गंजली म्हणून फेकून दिली जाते आणि मग वेगात गाडी का तापते याचा पत्ता लागत नाही.

वॉटर पंपाच्या बुडाशी एक बारीक छिद्र असते. आतले सील झिजले की तिथून पाणी ठिबकते. पंप बदलण्याची ती सूचना असते. हे छिद्र एम-सीलने बुजवणारे महाभागही आहेत. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि पंप आवाज करत जाम होतो. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या वाटीसारखी बुचे बसवलेली असतात. वर्षानुवर्षे साधे पाणी वापरलेल्या गाडीत ती आतून गंजून भोके पडतात, आणि एक बदलले की शेजारचे महिन्याभरात फुटते. म्हणून हात पोहोचेल तेवढी सगळी एकदमच बदलणे शहाणपणाचे.

पद्मिनीच्या पिढीतले रेडिएटर तांब्या-पितळेचे. रेडिएटरवाला टाकी उघडून नळ्यांतून चपटी सळई फिरवतो, फुटलेल्या जागी डाख लावतो आणि पाण्याच्या हौदात बुडवून हवेने तपासतो. असे रेडिएटर दोनतीनदा पुन्हा उभे राहतात. नंतरच्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि तिला दुमडून घट्ट केलेली प्लॅस्टिकची टाकी असते. प्लॅस्टिकला तडा गेला की चिकटवण्यात अर्थ नाही, नवा रेडिएटर घ्यावा. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची ड्रायव्हरांची युक्ती खरोखर चालते, पण घरी पोहोचण्यापुरतीच. बाजारातल्या गळतीबंद पावडरीचेही तेच. जे भोक बुजवते ते बारीक नळ्याही बुजवते.

गॅसकेट उडाली की खुणा स्पष्ट होतात: गरम इंजिनावरही न थांबणारा गोडसर पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, इंजिन सुरू असताना रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे. खात्रीसाठी रेडिएटरमधली हवा निळ्या रसायनातून ओढतात. तिच्यात ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग पिवळा होतो. मात्र नुसती गॅसकेट बदलून भागत नाही. हेड ॲल्युमिनियमचे, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, आणि अति तापलेले हेड वाकते. सरळ पट्टी आणि फीलर गेजने वाक मोजतात. तो कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल (अनेक गाड्यांत ती ०.०५ मिलिमीटर इतकी कमी असते) तर फेसिंग करावे लागते. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळायचे. अंदाजाने आवळलेले हेड पुन्हा खोलावे लागते.

दुरुस्तीनंतर बोअरचे पाणी भरणे म्हणजे पुढच्या गळतीची तयारी. त्यातले क्षार नळ्यांत खडे धरतात. कूलंटचा खरा उपयोग आपल्याकडे गोठण्यापासून बचावाचा नाही, गंज रोखण्याचा आहे. डिस्टिल्ड पाण्यात निम्मे मिसळून ते भरावे आणि वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत. रंगावरून प्रकार ओळखता येत नाही, डब्यावरची माहिती वाचावी. भरताना गाडीचे तोंड किंचित चढावर, हीटर असल्यास पूर्ण गरमवर, झाकण सुरुवातीपासूनच उघडे ठेवून इंजिन सुरू करायचे. थर्मोस्टॅट उघडला की अडकलेली हवा निघते आणि पातळी खाली जाते, तेवढी भरायची. चालवून आणलेल्या गरम गाडीचे झाकण मात्र कधीच उघडू नये. दाब सुटताक्षणी पाण्याची वाफ होऊन उसळते आणि चेहरा भाजतो. उकळलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो.

काढलेले जुने कूलंट गटारात ओतू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल गोड लागते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. दुरुस्तीनंतर पहिले दोन-तीन दिवस सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहावी. उरलेली हवा निघाल्याने ती थोडी उतरणे साहजिक आहे. त्यानंतरही उतरत राहिली, तर वरून पाणी घालत बसू नये, दाबाची चाचणी पुन्हा करावी.