थंडीतील टपाली रोपे

थंडी पडू लागली की रोपवाटिकांची रंगीत सूचीपत्रे घरोघर येऊ लागतात. घरबसल्या रोपे मागविण्याची सोय चांगलीच. परंतु कोणते रोप केव्हा मागवावे हे न कळल्यास पैसा व श्रम दोन्ही मातीस मिळतात. हे आम्ही स्वतः चुकून शिकलो.

काही वर्षांपूर्वी आम्ही माळव्यात असताना एका विधवा भगिनीने फुले विकून मुलांच्या शाळेचा खर्च भागविण्याचा बेत केला. आमच्याच सल्ल्याने त्यांनी गुलाबाची ४० कलमे व हौसेखातर सफरचंदाची २ रोपे मागविली. पार्सल आले फेब्रुवारीच्या अखेरीस. मार्चच्या उन्हात निम्मी कलमे वाळली. सफरचंदे जगली, पण त्यांस फूल म्हणून आले नाही. त्या माउलीने आम्हांस शब्दानेही दोष दिला नाही; म्हणूनच आमची चूक आम्हांस अधिक बोचली.

थंडीत गुलाब, अंजीर, द्राक्ष यांची वाढ मंदावते. अशा वेळी ती मातीवाचून, मुळे ओल्या शेवाळात गुंडाळून पाठविता येतात. प्रवासात त्यांचा खरा शत्रू थंडी नव्हे, मुळांचा कोरडेपणा होय. थंड देशांत हिवाळ्यामागून सौम्य वसंत येतो. आपल्याकडे लगेच उन्हाळा उभा राहतो. तत्पूर्वी मुळांनी माती धरावयास हवी. म्हणून मागणी नोव्हेंबरात व लावणी डिसेंबरात, हा क्रम बरा. आंबा, चिकू ही सदाहरित झाडे; त्यांची कलमे मातीच्या हुंडीसह पावसाळ्याच्या आरंभी आणावीत. सफरचंदाच्या पुष्कळ जातींना ७ अंशांखालील थंडी सुमारे १००० तास लागते. ती आपल्या सपाटीवर कोठून मिळणार? तेव्हा चित्रास भुलू नये.

खड्डे आधीच खणून ठेवावेत. पार्सल आल्या दिवशीच उघडावे. साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसल्यास रोप जिवंत आहे. उघडी मुळे काही तास पाण्यात ठेवून सायंकाळी लावणी करावी. त्या दिवशी जमत नसेल, तर मुळे सावलीत ओल्या मातीने झाकावीत. गुलाबाचा डोळा भरलेला सांधा मातीच्या वर राहू द्यावा. माती दाबून भरपूर पाणी द्यावे. रासायनिक खत मात्र नवी पालवी फुटेपर्यंत देऊ नये.

पुढील वर्षी त्या भगिनीने नोव्हेंबरातच मागणी पाठविली, आणि खड्डे खणावयास आम्ही स्वतः कुदळ घेऊन गेलो. तितके प्रायश्चित्त आम्हांस हवेच होते. बहुतेक कलमे जगली. पहिली परडी त्या वेदीसाठी घेऊन आल्या. आम्ही त्यांतील एकच फूल ठेवून घेतले व उरलेली बाजारास धाडली.