नातवंडांमागची दमछाक

नातवंडे सांभाळताना दमलो, असे म्हणण्याचा आपल्याला संकोच वाटतो. जणू त्याने माया उणी ठरते. वास्तविक २ वर्षांचे मूल सुमारे १२ किलोंचे असते आणि दिवसभरात कितीदा तरी उचलावे लागते. कमरेतून वाकू नये. गुडघ्यांत वाकून, मुलाला छातीशी घेऊन उठावे. गुडघेच दुखत असतील, तर आपण बसावे आणि त्याला मांडीवर चढू द्यावे.

मूल दुपारी झोपले की आपण भांडी आवरायला उठता. ती वेळ आपल्याही विश्रांतीची आहे. त्याला भरवता भरवता आपले जेवण लांबते, हे दवाखान्यात नेहमी ऐकतो. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकाएकी उतरू शकते, आणि त्या वेळी घरात दुसरे मोठे माणूस नसते.

विश्रांतीनंतरही थकवा टिकल्यास ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घ्यावी. मुलाला घेऊन जिना चढताना छातीत दडपण आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बसल्यावरही ते थांबले नाही, तर तडक रुग्णालय गाठावे.

आठवड्यातील एक दिवस मुला-सुनेकडे सुटीचा मागून घ्यावा. ‘बघू’ या उत्तरावर थांबू नये, वार ठरवून घ्यावा.