माशांची काचेची टाकी पाझरू लागली, तर

माशांची काचेची टाकी आता गावातल्या घरांतही टीव्हीशेजारी नाहीतर ओसरीवर दिसू लागली आहे. काही बचत गट गप्पी, मोलीसारखे शोभेचे मासे वाढवून विकतातही. अशा टाकीच्या कोपऱ्यातून एक दिवस पाणी झिरपायला लागतं आणि घरात गोंधळ उडतो. कुणी बाहेरून मेण लावतं, कुणी पुट्टी थापतं, कुणी खाली फडकं घालून दिवस ढकलतं. अशा वेळी काय करायचं, ते आज क्रमाने समजून घेऊ.

आधी पाण्याच्या जोराचा अंदाज घेऊ. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ भरल्यावर सुमारे १९० लिटर पाणी मावतं, म्हणजे १९० किलो वजन. त्या पाण्याचा समोरच्या एकट्या काचेवर सुमारे ९५ किलो रेटा असतो, म्हणजे जवळजवळ धान्याचं एक मोठं पोतं आतून काच ढकलत असतं. हा रेटा तळाशी सर्वांत जास्त असतो. पाणी निम्म्यावर आणलं तर काचेवरचा रेटा निम्मा होत नाही, तो चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे २४ किलोच्या आसपास येतो. म्हणून गळती दिसली की पाणी कमी करणं हा पहिला उपाय.

त्याच्याही आधी वीज बंद करायची. पंप, दिवा, हिटर यांचं बटण बंद करून, कोरड्या हातांनी पिना काढा. बोर्डच ओला झाला असेल तर त्याला हात न लावता घराचा मेन स्विच पाडा. हिटर असेल तर तो बंद केल्यावर पाव तास पाण्यातच राहू द्या. गरम हिटर पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकू शकते.

पण खरंच टाकी गळते आहे का, हेही पाहायला हवं. पुष्कळदा पाणी सांध्यातून येतच नाही. एअर पंपाच्या बुडबुड्यांनी पाणी उडतं, फिल्टरच्या नळीवरून थेंब ओघळतात, थंड पाण्यामुळे काचेला बाहेरून दव धरतं. टाकी बाहेरून कोरडी पुसा, खाली चारही बाजूंनी वर्तमानपत्र पसरा आणि पाण्याच्या पातळीवर बाहेरून पेनाने खूण करा. पातळी थोडी उतरली पण कागद कोरडा राहिला, तर ते पाणी उन्हाळ्याने उडालेलं आहे. कागद एकाच कोपऱ्यात भिजला, तर चोर तिथे जवळपास आहे. पाणी एका ठरावीक उंचीपर्यंत उतरून आपोआप थांबलं, तर भोक त्याच उंचीवर आहे असं समजा.

आता मासे. धुण्याचा टब किंवा बादली चालेल, पण तिला साबण-पावडरीचा अंश नको. तांब्या-पितळेचं घंगाळ किंवा हंडा मात्र वापरू नका, कारण तांब्याचा अंश माशांना विषारी असतो. टबात टाकीतलंच जुनं पाणी भरा, त्यात मासे सोडा, वर जाळी किंवा पातळ कापड बांधा आणि टब सावलीत ठेवा. एअर पंपाची नळी टबात सोडा. वीज नसेल तर थोड्या थोड्या वेळाने मगने पाणी उचलून उंचावरून परत त्यातच ओता, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. एक-दोन दिवस खायला घातलं नाही तरी मोठे मासे मरत नाहीत, उलट पाणी स्वच्छ राहतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, वाळवूही नका. त्यात माशांची घाण पचवणारे उपयोगी जिवाणू असतात. तोही टबातल्याच पाण्यात बुडवून ठेवा.

पाणी कमी पडलं तर नळाचं पाणी थेट ओतू नका. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, तिच्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजतो. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग वापरा. टाकीतलं उरलेलं पाणी मोरीत घालवू नका. त्यात औषध किंवा मीठ टाकलेलं नसेल तर ते परसातल्या झाडांना चांगलं.

टाकी रिकामी झाली की सांधे तपासा. काचेच्या टाकीत सिलिकॉन दोन ठिकाणी असतं. एक काच आणि काच यांच्या मध्ये असतं, ते टाकीला धरून ठेवतं. दुसरं आतल्या कोपऱ्यात कडेने भरलेलं असतं, ते पाणी अडवतं. आतली कड सुटली असेल, ब्लेडने शेवाळ खरवडताना कापली गेली असेल, पण दोन काचांमधला जोड सलग आणि घट्ट असेल, तर घरी दुरुस्ती होते. मधल्याच जोडात पांढरट पट्टे, मोठे बुडबुडे किंवा सुटलेली जागा दिसली, तर टाकी सुटी करून पुन्हा जोडावी लागते. ते काम टाकी बनवणाऱ्याकडे द्या. तळाची काच तडकली असेल तर वरून चिकटवून पाणी भरू नका. काच तरी बदलून घ्या, नाहीतर ती टाकी पाण्यासाठी वापरू नका.

बाहेरून मेण किंवा पुट्टी का टिकत नाही, हेही इथेच कळतं. पाणी आतून ढकलतं, त्यामुळे बाहेरचा लेप ते सुटा करतं. लेप आतून असेल तर तेच पाणी त्याला काचेवर दाबून धरतं. म्हणून दुरुस्ती आतूनच हवी.

दुकानात सिलिकॉन मागताना ‘मत्स्यालयाचं’ किंवा ‘फिशटँकचं’ असं स्पष्ट सांगा. बाथरूमसाठी मिळणाऱ्या काही सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध असतं, ते माशांनाही मारतं. नळीवरची मुदत पाहा, जुनं सिलिकॉन नीट वाळत नाही.

आता दुरुस्ती. नव्या ब्लेडने आतली जुनी कड सगळी काढा. मधला जोड कापला जाणार नाही याची काळजी घ्या, हातात जाड मोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. एकच कोपरा गळत असला तरी आतली कड सगळीकडची काढायची, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. काच स्पिरिटने पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. पावसाळ्यात काच कोरडी दिसली तरी ओल असते, तेव्हा थोडा वेळ पंख्याखाली ठेवा.

कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण सेंटिमीटर जागा सोडून कागदी चिकटपट्टी लावा. मग सिलिकॉनची सलग धार सोडा आणि मोजा घातलेल्या बोटाने एकाच दमात दाबत न्या. पाच-दहा मिनिटांत त्यावर साय धरते, त्याआधीच पट्टी ओढून काढा. एकीने धार सोडावी आणि दुसरीने मागून बोट फिरवावं, म्हणजे काम वेळेत होतं. खिडकी-दार उघडं ठेवा, कारण या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो.

त्यानंतर घाई नको. सिलिकॉन वरून वाळलं तरी आत ओलं असतं, दिवसाला साधारण २-३ मिलिमीटरच ते आतपर्यंत पक्कं होतं. लहान टाकीला किमान ४८ तास आणि मोठीला पूर्ण आठवडा द्या. आंबूस वास पूर्ण गेला म्हणजे तयार समजा.

मग टाकी अंगणात सपाट जागी थर्माकोलवर ठेवा, खाली वर्तमानपत्र घाला आणि पाणी तीन टप्प्यांत भरा. प्रत्येक टप्प्यानंतर तासभर थांबा. पूर्ण भरल्यावर एक दिवस एक रात्र ठेवून कागद कोरडा राहिला, तरच टाकी घरात घ्या. पण आधी ती पूर्ण रिकामी करा. पाणी भरलेली टाकी उचलणं हेच सांधे सुटण्याचं मोठं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे वाकडं टेबल. गवंड्याची पाणसळ टाकीवर ठेवून पाहा आणि टाकीखाली एका अखंड थर्माकोलची चादर घाला, म्हणजे बारीक उंचसखलपणा झाकला जातो. टाकी थेट उन्हात ठेवू नका.

मासे परत सोडताना त्यांना टबातल्या पाण्यासह पिशवीत भरून ती पिशवी १५-२० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत मिसळा आणि मासे सोडा. टबात ठेवलेला स्पंज तसाच फिल्टरमध्ये बसवा.

गटाची टाकी असेल तर मागच्या काचेवर दुरुस्तीची तारीख लिहा आणि महिन्यातून एकदा कोपऱ्यांवर बोट फिरवून सिलिकॉन सुटतंय का पाहा. रिकामा टब, जाळी आणि पाणी उपसायची नळी एका जागी ठेवा आणि ती जागा गटातल्या सगळ्या जणींना माहीत असू द्या. गळती बहुधा रात्रीच लक्षात येते, आणि तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो.