हिवाळ्याच्या तोंडी तळ्याकाठचे चतुर

ग्वाल्हेरलगतच्या मुरार भागात सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो. त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत रमौआ जलाशयाच्या काठी आणि आसपासच्या खेड्यांतील तळ्यांवर, ऊन चढू लागले की चतुर उडताना दिसतात. उडण्यापूर्वी त्यांना उन्हात अंग तापवावे लागत असल्याने निरीक्षणासाठी सकाळी दहा ते बारा ही वेळ सोयीची. मुले त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात व शेपटीला दोरा बांधून खेळवितात. डास खाणाऱ्या या कीटकाची अशी हेळसांड थांबविणे बरे.

बसताना पंख आडवे पसरतो तो चतुर. बहुधा पंख मिटून पाठीवर घेते ती नाजूक टाचणी. लालभडक नर असलेला तांबडा चतुर सर्वांच्या परिचयाचा आहे. पंखांवर नारिंगी छटा असलेला लहान चतुर मात्र सांडपाण्याच्या डबक्यांतही सुखाने वाढतो. एखाद्या तळ्यावर केवळ तोच मोठ्या संख्येने दिसत असेल, तर पाणी चांगले आहे असे समजू नये. बहुधा उलटच असते.

शिवाय दिसलेला प्रत्येक चतुर त्याच तळ्यातला असतो असे नाही. पिवळसर रंगाचा भटका चतुर पावसाळी डबक्यांत सुमारे दीड-दोन महिन्यांत वाढून दूर निघून जातो. ऑक्टोबरात त्याचे थवे मालदीव बेटांवर उतरतात. ते भारतातून निघून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेस जातात, असे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडले.

तेव्हा खरा पुरावा शोधावा तो काठच्या लव्हाळ्यावर. पाण्यात वाढलेला डिंभ वर चढून काडीला घट्ट धरतो, त्याची पाठ उकलते, चतुर बाहेर पडतो आणि मागे पोकळ, तपकिरी कात राहते. कात सापडली म्हणजे तो चतुर याच पाण्यात वाढला. शिक्षकांनी काठाची शंभर पावले ठरवून दर आठवड्यास तेथील काती विद्यार्थ्यांकडून मोजून घ्याव्यात. त्यासाठी एकही कीटक मारावा लागत नाही.

डिंभाचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असून भक्ष्य टप्प्यात येताच तो झटक्यासरशी पुढे फेकला जातो. डासांच्या अळ्या त्याला अशाच सापडतात. म्यानमारमधील यांगून येथे रहिवाशांच्या सहकार्याने घरोघरच्या पाणीसाठ्यांत तांबड्या चतुराचे डिंभ सोडले असता डेंग्यू पसरविणारे डास पुष्कळ घटले, असे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. अर्थात, आपली टाकी झाकण्याचे व भांडी आठवड्यास कोरडी करण्याचे काम त्यामुळे सुटत नाही.

कित्येक चतुर थंडीचे महिने डिंभावस्थेतच काढतात आणि तळी साफ करण्याच्या मोहिमाही नेमक्या याच सुमारास निघतात. जलपर्णी उपसून लगेच ट्रॉलीत भरल्यास मुळांना चिकटलेले डिंभही तिच्याबरोबर जातात. ग्रामपंचायतींनी ती काही तास पाण्यालगतच ठेवावी, म्हणजे बरेचसे डिंभ परत पाण्यात उतरतील. काठाचा एखादा भाग लव्हाळ्यासह तसाच सोडावा. तळ्यावर सरसकट कीटकनाशक फवारल्यास अळ्यांबरोबर डिंभही मरतात. पुढे डास थोड्याच दिवसांत परततात, चतुरांना मात्र कितीतरी अधिक काळ लागतो.