धरण उशाला, पण आश्रमाची टाकी कोरडी नको

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आपल्या भागात प्रत्येकाच्या तोंडी असते. माकणीला तेरणा नदीवर निम्न तेरणा धरण आहे. पण धरणातले पाणी घशापर्यंत यायचे तर वीज हवी, पंप हवा, नळ शाबूत हवा. यातले एक जरी बिघडले तरी टाकी कोरडी. आपण घागर घेऊन शेजाऱ्याच्या विहिरीवर जाऊ. वृद्धाश्रमातली म्हातारी माणसे आणि वसतिगृहातली लेकरे कुठे जाणार?

काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात मी एका वृद्धाश्रमात गेलो होतो. डीपी जळून दोन दिवस झाले होते, टँकरही आला नव्हता. एक आजी म्हणाल्या, “भाऊ, मी पानीच कमी पिते. सारखं उठायला नको, कुनाला तरास नको.” संध्याकाळी त्यांनाच भोवळ आली, दवाखान्यात न्यावे लागले. म्हातारपणी तहान कमी जाणवते, त्यात असा संकोच. म्हणून टंचाईचा पहिला तडाखा त्यांनाच बसतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागावर भूकंप आला तो न सांगता. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते संकट मात्र महिनोन्महिने दिसत होते. तयारी दोन्हींसाठी लागते.

आधी हिशेब करावा. अडचणीच्या दिवसांत पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरावे. अंथरुणाला खिळलेल्यांना ५० लिटर. समजा आश्रमात ५० जण आहेत, त्यांतले ५ अंथरुणावर. ४५ जणांचे ६७५ आणि ५ जणांचे २५० मिळून रोजचे ९२५ लिटर झाले. तीन दिवसांचे २,७७५. म्हणजे ३,००० लिटरची एक टाकी कायम भरलेली हवी.

हे पाणी शिळे पडू देऊ नये. दर आठवड्याला ते वापरून टाकी धुवावी आणि पुन्हा भरावी. टाकीला झाकण, कुलूप आणि खालून तोटी असावी. मोठ्यांना वाकावे लागणार नाही आणि लेकरांचाही हात पोहोचेल, अशी तोटीची उंची ठेवावी.

टँकरचे किंवा विहिरीचे पाणी आले तर टीसीएल पावडर घालावी. ताजी, चांगली पावडर १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे वरच्या टाकीला साडेसात ग्रॅम पुरते. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा, वरचे नितळ पाणीच टाकीत ओतावे आणि तासभर थांबावे. नंतर ओटी चाचणीत पाण्याला फिका पिवळा रंग यावा. नाही आला तर मात्रा कमी पडली असे समजावे. पावडरीचा डबा उघडा राहिला की तिचा जोर जातो, हे विसरू नये.

पावसाळ्यात छपराचाही उपयोग करावा. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी पडते. गळती वजा जाता ८०० हाती लागते. पहिल्या पावसाचे पाणी मात्र सोडून द्यावे.

यात शेतकरी बांधवांचे कामही आहे. आश्रमाजवळ ज्यांची विहीर किंवा बोअर आहे, त्यांनी डिझेल इंजिनावर किंवा सौरपंपावर पाणी देण्याचे आधीच ठरवून ठेवावे. त्यांचे नाव आणि फोन नंबर आश्रमाच्या भिंतीवर लिहावा. ग्रामपंचायतीने टँकरच्या यादीत आश्रमाला पहिला नंबर द्यावा. औषधांचे रिकामे ड्रम मात्र कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नयेत.

वीज गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा मार्चमध्येच एक दिवस पंप मुद्दाम बंद ठेवून पाहावा. कुठे अडते ते त्या दिवशी कळेल. आणि त्या दिवशी प्रत्येक आजीआजोबांना तांब्या हातात देऊन सांगावे, “पोटभर प्या, पाणी आहे.”