जकात आणि तारखेचे भाडे

रमजान आला की घरोघरी जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के हिस्सा हक्कदारांचा. कुरआनात या हक्कदारांचे आठ प्रकार आहेत. त्यांत गरीब, कर्जबाजारी आणि बंधनातून सोडवायची माणसेही येतात.

मूल बालगृहात गेले की मजुरी करणाऱ्या आईची गाठ बालकल्याण समितीशी पडते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे २०१५चा बाल न्याय कायदा सांगतो. पण हे तिला कोण सांगणार? विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९८७च्या कायद्याने दिलेला हा हक्क आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करून माहिती घेता येते.

वकील मोफत, पण एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, कागदांच्या झेरॉक्स? दोन-तीन तारखांनंतर ती जाणेच सोडते. जकातीची रक्कम अशा गरजू आईच्या हातात पडावी, आणि कागद वाचता येणारे कुणीतरी तिच्यासोबत जावे. शेजारीण दुसऱ्या धर्माची असेल, तर सदका आहेच; तो देताना धर्म विचारावा लागत नाही.